दोन फाट्यांची जळू

वाघ मारायला निघालेल्या माणसाकडे लोक आदराने बघतात. शरयू कर्णिक जळू आणायला निघाली होती, त्यामुळे पोलादपूरच्या एस.टी. थांब्यावर तिच्याकडे बघून जो तो हसत होता.

"जळवा?" कंडक्टर म्हणाला. "अहो बाई, त्यासाठी मुंबईहून यायचं? गाडीतून पाय खाली ठेवा, हव्या तेवढ्या फुकट!"

शरयूही हसली. १९५९ सालचा श्रावण चालू होता, आणि कंडक्टर म्हणत होता ते खोटं नव्हतं. घाटाखालच्या त्या ओल्या मुलखात गवताच्या पात्यापात्यावर जळवा तोंड वर करून उभ्या होत्या. पण तिला जळवा नको होत्या. तिला एक जळू हवी होती, आणि तिच्यावर तिची सगळी इज्जत टांगलेली होती.

शरयू एकतीस वर्षांची, मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. चणीने लहान, डोळ्यांना जाड चष्मा, डोक्यावर भला मोठा अंबाडा. एरवी पाचवारी नेसणारी ही बाई मोहिमेसाठी मावशीचं नऊवारी कासोटा घालून नेसली होती. तीन वर्षांपूर्वी याच डोंगरांच्या पायथ्याशी एका म्हशीच्या नाकाजवळ तिला एक काळसर हिरवी, पाठीवर पिवळी रेघ असलेली जळू सापडली होती. घाईघाईत तिने ती सरळ स्पिरीटच्या बाटलीत टाकली. तीच तिची चूक! जिवंत जळू एकदम स्पिरीटमध्ये टाकली की ती आकसते, अशी आकसते की तिची नुसती गाठ उरते. त्या गाठीचं तोंड कसंबसं उघडून शरयूने आत पाहिलं, तर जबडे दोन! तिने तसं छापून टाकलं, आणि कलकत्त्यापर्यंत जाणकार मंडळींच्या भुवया वर गेल्या.

कारण जळवा ओळखायच्या म्हणजे त्यांच्या शरीराची ठेवण बघायची. काहींना जबडे नसतातच, सुईसारखी सोंड असते. काहींना जबडे असतात, ते बहुतेक तीन. डोक्यावर कमानीत मांडलेले बारीक डोळे मोजायचे. अंगावरच्या वळ्या मोजायच्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पोटाखाली दोन बारीक छिद्रं असतात, त्यांच्यामधल्या वळ्या मोजायच्या. तिथे पाच आहेत की सात, यावरून घराणं ठरतं. आपल्याला सगळ्या जळवा सारख्या वाटतात, कारण त्यांच्याकडे नीट बघत कोणी उभं राहत नाही. शरयू उभी राहत होती.

कलकत्त्याला जळवांची मोठी सूची तयार होत होती. त्या सूचीच्या संपादकांचं पत्र शरयूच्या पिशवीत होतं. मायना गोड, मजकूर कडू. आपला नमुना आकसलेला असल्याने वळ्या मोजता येत नाहीत. तिसरा जबडा तुटला नसेल कशावरून. ग्रंथ भाद्रपदाच्या सुमारास छपाईला जाईल, तोवर धड नमुना न आल्यास आपली नोंद चुकीची म्हणून वगळण्यात येईल. चुकीची म्हणून! हे दोन शब्द तिला जेवताना, झोपताना टोचत होते.

पोलादपूरपासून तीन कोसांवर डोंगराच्या कुशीत बारा घरांची वाडी होती. तिथे गोमाजी राहायचा. साठीचा, काटक, नाचणीची शेती करणारा. सुजलेल्या सांध्यांना, ठणकणाऱ्या नखुरड्यांना जळवा लावून दूषित रक्त काढण्यात त्याचा हात धरणारा त्या खोऱ्यात कोणी नव्हता. शरयूने त्याला म्हशीची हकिकत सांगितली आणि आपल्या वहीतलं चित्र पुढे धरलं. गोमाजीने चित्र बघितलं, आणि धोतर गुडघ्यावर घेऊन पाय पुढे केला.

पोटरीवर पांढुरके वण होते. कितीतरी!

"ही बगा रानजळू. तीन फाटे," त्याने एका वणावर बोट ठेवलं. "ही पानजळू. हिचंपन तीन, पन मोठे. आनि ही..." घोट्याच्या वर एक जुना, पुसट वण होता. दोनच रेघा, वर जुळलेल्या. "ही वाघजाईची. दोन फाटे. पोर व्हतो तवाची हाय."

शरयूने भिंग काढलं आणि ती तिथेच अंगणात गुडघ्यांवर बसली. तीन जबड्यांची जळू चावली की त्वचेवर तीन फाट्यांची चांदणी उमटते, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. इथे एका माणसाने सगळी वर्गवारी स्वतःच्या पायावर लिहून ठेवली होती! जगातल्या सगळ्या सूचीकारांना या अंगणात आणून बसवावं, असं तिला वाटलं.

"गोमाजीकाका, ही कुठे मिळेल?"

"वाघजाईच्या राईत. दुसरीकडं नाय. तुमची ती म्हस राईत चुकली असंल."

"मग उद्या जाऊ या?"

गोमाजीने दाराकडे पाहिलं. त्याची बायको बनुबाई दारातून म्हणाली, "सांगा की तिला. राईतलं सुकं पान उचलत नाय कुनी. ही तर जितं जनावर न्हेयाला आलीय."

तो नियम शरयूला ठाऊक नव्हता. वाघजाई देवीच्या राईतलं लाकूड, फूल, फळ, किडामुंगी, काहीही हाताने उचलून धोंड्याबाहेर न्यायचं नाही. धोंडा म्हणजे राईच्या शिवेवरचा शेंदूर फासलेला दगड. पिढ्यान्‌पिढ्या कोणी नेलं नव्हतं, म्हणूनच ती राई राहिली होती, आणि ती राहिली म्हणूनच कदाचित ती जळूही. शरयूचा चेहरा उतरला. पण तिने वाद घातला नाही. वही मिटली आणि म्हणाली, "नसेल चालत, तर नको."

गोमाजीने तिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग मिशीत हसला.

"हातानं उचलायचं नाय. चिमटा नाय, बाटली नाय. पन अंगाला लागून जे येल, त्याला देवी अडवीत नाय. म्हशीला काय कुनी इचारतंय? हा माझा पाय हाय. वाघजाईची जळू ह्येला लावून घेतो. ती लागल्या लागल्या निघायचं. जळू अर्धा तास चिकटल, लई तर एक. तेवढ्यात धोंड्याच्या भायेर पडलो, तर जळू तुमची. आत भुईवर गळली, तर देवीची. कबूल?"

"कबूल!" शरयू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फटफटताच तिघं निघाली. तिसरा हैबती, गोमाजीचा पुतण्या. मुंबईला गिरणीत कामाला, लावणीसाठी रजा काढून आलेला, अंगाने पैलवान. त्याच्या खांद्यावर काथ्याच्या दोराचं वेटोळं होतं. बनुबाईने नाचणीच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी बांधून दिली. श्रावण असल्याने सुक्या बोंबलाचं नाव काढायची सोय नव्हती, यावर हैबती वाटभर कुरकुरत होता. स्पिरीट, बरण्या, चिमटे सगळं घरी ठेवलं. शरयूजवळ फक्त भिंग, पेन्सिल आणि वही. पायांना हातांना तंबाखू-चुन्याचा लेप, अंगावर घोंगडीची खोळ. मान तेवढी लेपातून राहिली. ती कोणाच्या लक्षात येणार!

खाचरांच्या बांधांवरून वाट वर चढली. नुकतं लावलेलं भात हिरवं धरू लागलं होतं, आणि खाली खोऱ्यात सावित्री मातकट होऊन वाहत होती. मग झाडी सुरू झाली, मग धुकं, आणि मग वाट म्हणावं असं काहीच उरलं नाही. शेवाळलेल्या कातळावर शरयूचे कॅनव्हासचे बूट घसरत होते. दोनदा ती पडली. तिसऱ्यांदा तिने बूट काढून गळ्यात बांधले आणि गोमाजीसारखी अनवाणी चालू लागली.

"बाय, शिकलात बगा!" गोमाजी म्हणाला.

दोन तासांनी धोंडा आला. तिघांनी हात जोडले. तिथून वाट पन्नासेक पावलं उतरून एका वहाळावर गेली होती. दोन काळ्या खडकांमधून पाणी खळाळत होतं, गुडघाभर. हैबतीने अलीकडच्या जांभळाच्या खोडाला दोराचं एक टोक बांधलं, दुसरं पलीकडच्या खडकाला आवळलं. "रस्सा एकदम पक्का," तो म्हणाला. "परत येताना पाणी वाढलं तरी फिकीर नाय." त्याचे हे शब्द पुढे अर्धेच खरे ठरले.

वहाळाच्या पलीकडे राई होती. शरयूने हातातली काठी नकळत खाली केली. सूर्य वर आला होता, पण आत हिरवट अंधार होता. झाडांचे बुंधे चार माणसांच्या कवेत मावणार नाहीत एवढे. त्यांच्यावरून पायाएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. खाली कुजलेल्या पानांचा थर इतका मऊ की पाऊल वाजत नव्हतं. कुठेतरी उंचावर एक पाखरू एकच सूर धरून ओरडत होतं. माणसाने एकदाही हात न लावलेली जागा कशी दिसते हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

डोळे पुसायला फार सवड नव्हती. जमिनीवरून साध्या जळवा चारी बाजूंनी वळवळत येत होत्या. हैबती नाचायला लागला.

"त्यांना नका मारू रे! आत मीठ नाय, चुना नाय. झटका नुसत्या," गोमाजी ओरडला.

पाऊण तास चालून ती घळीच्या तोंडाशी आली. कमरेएवढ्या उंचीची रुंद पानांची झुडपं तिथे दाटली होती. "वाघजाईची भुईवर नाय ऱ्हात," गोमाजी कुजबुजला. "पानाच्या पोटाला असती." त्याने ओंजळीने पाणी घेऊन उजवी पोटरी स्वच्छ धुतली, तंबाखूचा वासही राहू दिला नाही. मग धोतर वर खोचून एका झुडपात पाय सोडून बसला आणि पोटरीवर हळूहळू श्वास सोडू लागला.

अर्धा तास. पाऊण तास. साध्या जळवा आल्या, त्यांना त्याने टिचकीने उडवलं. एक तास. वरच्या अंगाला ढग दाटत चालले होते, आणि हैबती सारखा वर बघत होता.

"आली!" गोमाजीचे ओठ हलले.

पानाच्या खालून एक काळसर हिरवी दोरी उतरत होती. पाठीवर पिवळी रेघ! तिने तोंड टेकलं, कमान केली, पुन्हा टेकलं. गोमाजीचा पाय दगडासारखा स्थिर होता. जळूने पोटरीचा मांसल भाग निवडला आणि ती घट्ट बसली.

"लागली. बगा बाय, काय बगायचं ते. पाच मिनिटं. मग पळायचं."

शरयूने खोळ मागे सारली आणि ती चिखलात पालथी झाली. भिंग डोळ्याला लावलं. रक्त पिणारी जळू निवांत असते, आकसत नाही, अंग पूर्ण ताणून बसते. तीन वर्षं जे दिसलं नव्हतं ते आता बोटभर अंतरावर होतं! दोन्ही टोकांनी चिकटलेल्या जळूची कमान झाली होती आणि पोटाकडची बाजू दिसत होती. पहिलं छिद्र. वळ्या मोजल्या. एक, दोन, तीन... सात. दुसरं छिद्र. तिने परत मोजल्या. सात. तिसऱ्यांदा मोजल्या. सात! तिने आकडा वहीत टिपला. मानेवर पानावरून एक गार थेंब पडल्यासारखा वाटला, पण लक्ष कोण देतो!

"बाय," गोमाजी एकदम म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळा होता. "खोळ घ्या डोक्यावर. पाऊस येतोय."

"थांबा हो, डोळे मोजू दे."

"आधी खोळ!" आणि त्याने स्वतः पुढे वाकून खोळ तिच्या अंबाड्यावरून नीट ओढली, गळ्याशी गाठ मारली. "आता सोडू नका. काय झालं तरी सोडू नका. चला!"

तिघं पळत सुटली. पळत म्हणजे काय, घसरत, धडपडत, वेलींना लोंबकळत! पुढे हैबती, मधे शरयू, मागे गोमाजी, आणि गोमाजीच्या पोटरीवर त्या मोहिमेचं सगळं फळ फुगत चाललेलं. शरयू दर वीस पावलांनी मागे वळून पाहायची.

"आहे का?"

"हाय, हाय! समोर बगा!"

मग वर डोंगरावर ढग फुटला. पाऊस इथे नव्हता, तिथे होता, आणि त्याचा आवाज मात्र घळीतून खाली येत होता. दोनदा आडव्या पडलेल्या झाडांखालून सरपटावं लागलं. एकदा शरयूचा पाय खडकाच्या भेगेत अडकला, हैबतीने तो उपसून काढला. वहाळाशी पोचली तेव्हा जळू लागून पस्तीस मिनिटं झाली होती. ती करंगळीएवढी जाड झाली होती. आता कधीही गळेल!

आणि समोर वहाळ राहिला नव्हता. मातकट पाणी कमरेच्या वर चढलं होतं, त्यातून फांद्या, दगड, काय काय वाहत होतं. दोर मात्र टिकला होता, ताठ.

"उतरतं पाणी तासाभरात," हैबती ओरडला. "थांबू या!"

"तासभर ही नाय थांबायची," गोमाजी म्हणाला आणि त्याने आपल्या पायाकडे बघितलं. "तू जा पुडं. मग बाय. मी शेवटी. मला ह्यो वहाळ ठावा हाय."

शरयूला नको म्हणायचं होतं. खरोखर ते शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण ती बोलली नाही. त्या अर्ध्या क्षणाची लाज तिला पुढे आयुष्यभर वाटत राहिली.

हैबती गेला. ती गेली. पाणी पोटाला लागत होतं, पायाखालचे गोटे सरकत होते. "डोकं वर! डोकं भिजवू नका!" मागून गोमाजी ओरडत होता. जांभळाच्या काठावर हैबतीने तिला ओढून घेतलं. ती वळली. गोमाजी पाण्यात उतरला होता, एका हाताने दोर धरून, उजवा पाय जमेल तेवढा जपत. अर्ध्यावर आला. पाऊण वाटेवर आला.

ओंडका आला! कुणालाच दिसला नाही. तो दोरावर आदळला, खडकाजवळची गाठ सुटली, दोर सटकन सैल झाला आणि गोमाजी गेला!

पण फार लांब गेला नाही. काठाजवळच्या दोन खडकांच्या बेचक्यात तो उलटा अडकला. डोकं पाण्याखाली. एकच पाय वर. हैबतीने दोराचं सुटं टोक शरयूच्या कमरेला गुंडाळलं, स्वतः जांभळाला पाठ लावून उभा राहिला, आणि शरयू डोकं वर ठेवून पाण्यात शिरली.

एक पाय खडकाखाली होता. हाताला येण्यासारखा एकच होता. उजवा. आणि धरण्यासारखी एकच जागा होती. पोटरी. तिथे ती फुगलेली, हिरवट, पिवळ्या रेघेची जळू अजून चिकटून होती.

शरयूने एक क्षणही घेतला नाही. दोन्ही हातांनी, सगळ्या ताकदीने पोटरी आवळली. तळव्याखाली काहीतरी मऊ चिरडलं. "ओढ!" ती किंचाळली. हैबतीने ओढलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गोमाजी बेचक्यातून सुटला, आणि तिघं चिखलात एकमेकांवर कोसळली.

गोमाजी खोकला. खूप पाणी ओकला. मग डोळे उघडून त्याने पहिल्यांदा आपल्या पायाकडे पाहिलं. पोटरीवरून रक्ताचा ओघळ वाहत होता. बाकी काही नव्हतं.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली," शरयू म्हणाली.

"माझ्यापायी."

"तुमच्या पायापायी!" ती हसायला गेली आणि रडायला लागली. अगदी लहान मुलीसारखी, हुंदके देऊन. म्हातारा जिवंत होता म्हणून रडली, जळू गेली म्हणून रडली, आणि मघाशी नको म्हणाली नाही म्हणून तर सगळ्यांत जास्त. गोमाजीने तिला रडू दिलं. मग ओला पाय पुढे केला.

"बगा तरी."

रक्त पुसल्यावर दोन ताज्या रेघा दिसल्या. वर जुळलेल्या, दोनच. तिसरीचा मागमूस नव्हता.

"लोकांना छापायचं नसेल तर न छापू देत," शरयू नाक पुसत म्हणाली. "सात वळ्या मी मोजल्या. दोन फाटे मी पाहिले. मला कळलं ते खरं आहे. पुरे झालं. परत जायचं नाही राईत, काका. मुळीच नाही."

गोमाजी मान हलवत उठला. "चला धोंड्यापत्तूर."

पन्नास पावलं चढायला तिघांना पाव तास लागला. धोंड्याशी गोमाजीने हात जोडले, ओलांडून पलीकडे गेला, आणि शरयूला म्हणाला, "या भायेर. आनखी दोन पावलं. हां. आता बसा ह्या दगडावर. खोळ सोडा, पन लई हळू."

"का?"

"आनि अंबाडा सोडा. केसांना झटका देऊ नका."

शरयूचे हात आपोआप वर गेले. खोळीखाली केस कोरडे होते. मानेमागे मात्र काहीतरी चिकट, कोमट ओघळलेलं. तिने एक एक आकडा काढला. अंबाडा सैल झाला, आणि त्याच्या वेटोळ्यातून तिच्या मांडीवर एक जड, सुस्त, काळसर हिरवा गोळा घरंगळला. पाठीवर पिवळी रेघ.

हैबतीच्या तोंडून "अरे बाप रे!" एवढंच निघालं.

"तुमी चिखलात पालथ्या झालात ना, तवा वरच्या पानावरनं उतरली तुमच्या मानंवर," गोमाजी सांगू लागला. "मी बगितली. म्हनून खोळ बांधली. गळली तर अंबाड्यात गळंल, भुईवर नाय पडायची."

"आणि मला सांगितलं नाहीत? इतकी रडले मी!"

"सांगितलं असतं तर हात गेला असता तुमचा. जळू लागली कळल्यावर हात आवरलेला मानूस मी अजून नाय बगितला. आनि हात लागला की नियम मोडला." त्याने पोटरीवरचा ओघळ पुसला. "पन बाय, तुमची जळू तुमच्या डोक्यात हाय, हे तुमाला ठावं नव्हतं. तुमी माझा पाय धरलात तवा तुमच्या लेखी ती एकच व्हती. ते मी ध्यानात ठेवीन."

शरयूने पदराच्या घडीत ती जळू घेतली आणि वाडीपर्यंत दोन्ही हातांत धरून नेली.

घरी बनुबाईने तिची मान धुतली आणि उजेडात निरखून बघितली. "दोनच फाटे हाईत गो बाय. साफ दोन."

या वेळी स्पिरीटची घाई नव्हती. शरयूने वाडग्यात स्वच्छ पाणी घेतलं. जळूला आधी हळूहळू गुंगी आणायची, मगच स्पिरीट, हे ती तीन वर्षांपूर्वीची चूक झाल्यावर पुस्तकातून शिकली होती. गोमाजीने शेजारी बसून तंबाखूचं पाणी केलं आणि थेंब थेंब सोडू लागला. त्याला कोणी शिकवलं होतं? कोणी नाही. चाळीस वर्षं जळवा लावल्या होत्या, एवढंच. दुपार कलली तशी जळू सैल पडली, लांब झाली, शांत झाली. भिंगाखाली सगळं दिसत होतं. पाच जोड्या डोळे. सात वळ्या. आणि उघड्या तोंडात दोन पांढऱ्या धारा, समोरासमोर.

"नव्या जातीला नाव द्यावं लागतं," शरयू म्हणाली. "मी गोमाजीकाकांचं देणार आहे."

गोमाजी लाजून चूर झाला. "जळवंला माझं नाव? नको, नको!"

"द्या, द्या!" बनुबाई चुलीपुढून ओरडली. "एकदा चिकटला की सुटत नाय, ह्ये मी चाळीस वर्सं सांगतेय!"

दुसऱ्या दिवशी महाडच्या टपालातून बरणी कलकत्त्याला गेली. सतरा दिवसांनी पत्र आलं. शरयूने ते घेऊन पुन्हा पोलादपूर गाठलं, डोंगर चढून वाडीत गेली, आणि गोमाजीच्या अंगणात बसून वाचून दाखवलं. जबडे दोन, वळ्या सात, आपलं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. इतका उत्तम राखलेला नमुना आमच्याकडे आजवर आलेला नाही. आपण सुचवलेलं नाव ग्रंथात घेत आहोत. खाली एक शंका होती. बरणीवरच्या चिठ्ठीत 'कोणी गोळा केली' ही जागा कोरी आहे, चिठ्ठी सोबत परत धाडली आहे, ती कृपया भरून पाठवावी.

"तिथे तुमचंच नाव घालते," शरयू म्हणाली.

गोमाजीचा चेहरा गंभीर झाला. त्याने उठून राईच्या दिशेने पाहिलं.

"नाय बाय. ते नाव जातीला दिलंत, ते चाललं. पन राईतनं कुनी काय आनत नाय. खरं ते लिवा."

शरयूने पेन्सिल घेतली, जरा विचार केला, आणि त्या जागी लिहिलं: कोणी नाही. आपण होऊन आली.